उलटे आटे

"आता दाब," अर्विड म्हणाला. "आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

जीनाने ब्रेकवर पाय दिला. गाडीचं दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या पाचही जणींना पेडल खाली जाताना दिसलं. ते गेलं, गेलं आणि खालच्या गालिच्यापासून दोन बोटांवर थांबलं.

"हे तर तळघरात निघालं," जीना म्हणाली.

"मऊ लागतं की टणक?"

"जाताना काहीच लागत नाही. तळाशी टणक."

"धरून ठेव. अजून खाली सरकतंय का?"

"नाही."

"आता सोड आणि लगेच पुन्हा दाब."

दुसऱ्या दाबाला पेडल बरंच वर थांबलं. जीनाने भुवया उंचावल्या. अर्विड फळ्याकडे गेला आणि त्याने एकेक ओळ खोडली. धरून ठेवल्यावर पेडल सरकत नाही, म्हणजे तेल गळत नाही. टणक लागतं, म्हणजे नळीत हवा नाही. उरलं एकच. मागच्या चाकांतले ब्रेकचे लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमपासून फार लांब गेलेत, आणि पेडलाचा पहिला दाब ते अंतर कापण्यातच संपतो.

"हे सिद्ध कसं करायचं?" त्याने विचारलं आणि स्वतःच खिडकीतून हात घालून हँडब्रेक अर्धा ओढला. हँडब्रेक ओढला की मागचे लायनर आपोआप ड्रमाजवळ सरकतात. "दाब बघू आता."

पेडल पहिल्याच दाबाला वर थांबलं. बायका हसल्या. पर्ल ट्रेव्हॅरोने टाळ्यासुद्धा वाजवल्या. अर्विडला बरं वाटलं. बासष्टाव्या वर्षी कुणासमोर उभं राहून शिकवायचं म्हणजे त्याला अवघडच वाटायचं. शनिवारी सकाळी शाळेच्या जुन्या वर्कशॉपमध्ये बायकांसाठी हा वर्ग घ्यायचा, हे त्याच्या बायकोने, मर्नाने, त्याला न विचारता कबूल करून टाकलं होतं. टोबिन हिलमध्ये गाडी दुरुस्त करणारा तो एकच. सदतीस वर्षं त्याच कोपऱ्यावर, एका गाडीपुरतं गॅरेज. गावातल्या निम्म्या गाड्या त्याला आवाजावरून ओळखू यायच्या.

ही निळी गाडी तर सगळ्या गावालाच ओळखू यायची. पुढचा भाग चेपून आत गेलेला. सालो नवरा-बायकोची गाडी. दोन हिवाळ्यांपूर्वी शाफ्ट स्ट्रीटच्या उतारावरून ती खाली आली ती थांबलीच नाही. थेट जुन्या बँकेच्या विटांच्या भिंतीवर आदळली. टॉइवो सालो नऊ दिवसांनी हॉस्पिटलमध्येच वारला. चालवणाऱ्या हेल्मीचं कंबरेचं हाड मोडलं. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. म्हातारीचा पाय ब्रेकऐवजी दुसऱ्या पेडलवर पडला, असं गाव म्हणालं, आणि अहवालातही तेच लिहिलं गेलं. गाडी इतके दिवस त्यांच्या गोठ्यात पडून होती. आता मुलगी करीन घर विकायला निघाली होती, म्हणून तिने ती शाळेला देऊन टाकली. अर्विडला ती वर्गात आणताना थोडं जड गेलं होतं. पण मागचा भाग शाबूत होता, आणि शिकायला गाडी हवीच होती.

"मी सालोबाईंना रोज आंघोळ घालते," जीना गाडीतून उतरता उतरता म्हणाली. ती गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात कामाला होती. "त्यांच्या गाडीत बसून ब्रेक दाबायचा म्हणजे कसंतरीच वाटलं मला. व्यायाम करून घ्यायला एक पोरगी येते ना, ती उजवा पाय उचला म्हणाली की या डावा उचलतात. उजव्याचा भरवसा नाही म्हणतात."

अर्विडने जॅकवर चढवलेल्या गाडीचं मागचं उजवं चाक काढलं आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ड्रम सैल केला.

आतला अॅडजस्टर त्याने सोडवून पर्लच्या हातात दिला. बोटभर लांबीचा स्क्रू आणि त्यावर दातेरी चाक. "ही गंमत बघा," तो म्हणाला. "लायनर झिजत जातात तसा हा स्क्रू लांब होतो आणि त्यांना ड्रमाजवळ ढकलतो. कोण फिरवतं त्याला? तुम्हीच. गाडी मागे घेताना ब्रेक मारला की ही पट्टी त्या चाकाचा एक दात पुढे सरकवते. तुम्हाला पत्ताही लागत नाही. हा बहुतेक गंजून अडकला असेल."

"अडकलेला नाही," पर्ल म्हणाली. "लोण्यासारखा फिरतोय. पण हा आखूड होतोय."

"उलटा फिरवत असशील."

"तुझी ती पट्टी वरून खाली ढकलते ना? मग मी तसाच फिरवतेय."

"तसा फिरवला तर लांबच होणार तो, पर्ल."

"अर्विड, पन्नास वर्षं मी शिवणयंत्रं खोलतेय. आटे डावे की उजवे हे मला डोळे मिटून कळतं. याचे आटे उलटे आहेत."

तो हसत हसत जवळ गेला. तिच्या हातातून त्याने स्क्रू घेतला, फिरवला. मग उजेडाकडे धरला. दातेरी चाकाच्या कडेला एक अक्षर ठोकलेलं होतं. डाव्या बाजूचं.

गाडीच्या उजव्या चाकातून त्याने तो काढला होता.

तो काही न बोलता गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. डावं चाक काढलं. तो ड्रम निघेना, तेव्हा त्याने इतक्या जोराने हातोडी घातली की जीना दचकली. आतल्या स्क्रूवर उजव्या बाजूचं अक्षर होतं. दोन्हींची अदलाबदल झालेली. म्हणजे गाडी मागे घेताना ब्रेक मारला की स्क्रू एका दाताने लांब व्हायच्या ऐवजी एका दाताने आखूड व्हायचा. लायनर जवळ यायच्या ऐवजी लांब जायचे.

"हे कुणी लिहिलंय?" पर्लने पहिला ड्रम उचलून घेतला होता. आतल्या कोरड्या भागात पिवळ्या रंगाने लिहिलेलं होतं. "चौदा ऑक्टोबर. ए. एल."

ती अक्षरं अर्विडच्याच नावाची होती. प्रत्येक कामानंतर ड्रमाच्या आत तारीख घालायची ही त्याची जुनी सवय. दुसरा कुणी मेकॅनिक असं करत नसे. त्याला त्याचा अभिमान होता.

त्याने हात टेकायला काहीतरी शोधलं आणि तो गाडीच्या मागच्या पत्र्यावर टेकला. पत्रा गार होता. कॉफीच्या भांड्यातून वाफेचा बारीक आवाज येत होता. कानात दडे बसल्यासारखं झालं आणि त्या दड्यांच्या आतून त्याला हेल्मी सालोचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

त्या ऑक्टोबरनंतर, नोव्हेंबरच्या शेवटी ती गॅरेजमध्ये आली होती. ब्रेक खोल जातोय, अर्विड, म्हणाली होती. तो गाडीत बसला होता, पेडल दोनदा दाबलं होतं, दुसऱ्यांदा ते वर आलं होतं. बाहेर ओळीने तीन गाड्या बर्फावरचे टायर चढवायला थांबलेल्या. मिसेस सालो, तो म्हणाला होता, जुन्या गाडीचा ब्रेक असाच असतो. थोडा जोर लावा. आणि वाटलंच तर दोनदा दाबा. तिने मान हलवली होती. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

आणि फेब्रुवारीत शेरीफच्या कचेरीतून फोन आला होता. फोनवरच्या माणसाने विचारलं होतं, ब्रेक तुम्हीच केले होते ना? हो. काही दोष? छे, तो म्हणाला होता. ब्रेक ठणठणीत होते. मीच बघितलेत. त्यानंतर ती गाडी तपासायला कुणी आलं नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं.

"अर्विड?" पर्ल म्हणाली. "बस जरा."

"हे मी केलंय," तो म्हणाला.

कुणाला आधी कळलं नाही. मग एकेकीला कळत गेलं. त्याला ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. पर्लने ड्रम खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता.

"सालोंच्या घरासमोरचा रस्ता आठवतो का?" तो बोलत राहिला. थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही असं त्याला वाटलं. "गाडी वळवायला जागा नाही. तिला रोज मागे मागे घेतच रस्त्यावर यावं लागायचं. ती घाबरट नव्हती, पण जपून चालवायची. थोडं मागे, ब्रेक. दोन्हीकडे बघायचं, थोडं मागे, पुन्हा ब्रेक. प्रत्येक वेळी एक दात. जितकी जपली तितका ब्रेक सैल होत गेला."

"म्हणजे हेल्मीनं ब्रेकच दाबला होता," पर्ल म्हणाली.

"हो."

"ती म्हणत होती. पहिले दोन दिवस तेच म्हणत होती. मी होते तिथे. मीच तिला म्हटलं, हेल्मी, आता राहू दे." पर्ल भिंतीकडच्या बाकावर बसली. "मी म्हटलं तिला."

जीना हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत होती. अर्विड तिच्याजवळ गेला.

"तू सालोबाईंना काही सांगू नकोस. मला सांगायचंय."

"उद्या दुपारपर्यंत गप्प बसते," ती म्हणाली. "त्यापुढे माझ्याच्याने होणार नाही."

घरी मर्ना पेस्टीच्या सारणासाठी बटाटे सोलत होती. त्याने कोटही न काढता सगळं सांगितलं. ती सोलत राहिली, मग सुरी थांबली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"वर्गातल्या सहाही जणींना."

"म्हणजे गावाला."

"हो."

"कसं काय झालं पण? तू असा नाहीस. त्या दिवशी काय होतं? बरं नव्हतं का तुला? कुणी मध्ये आलं होतं का?"

तेच शोधायला तो गॅरेजमध्ये गेला. कामाची वही रोजच्या रोज लिहायची त्याला सवय होती. चौदा ऑक्टोबरच्या पानावर चार ओळी होत्या. सालो, मागचे ब्रेक. दोन गाड्यांचं ऑइल. एक सायलेन्सर. खाली त्याच्याच अक्षरात, ऊन चांगलं. तो ती वही पुढे-मागे चाळत राहिला. आजारपण नाही, भांडण नाही, कुणाचं मरण नाही. दोन सारखे दिसणारे स्क्रू बाकावर शेजारी शेजारी ठेवले असतील आणि उचलताना हात चुकला असेल. त्याला तो क्षण आठवेना. खूप प्रयत्न केला तरी आठवेना. एखादं कारण सापडलं असतं तर त्याला धरून बसता आलं असतं.

तो परत आला तेव्हा मर्ना तिथेच बसलेली होती. बटाटे पाण्यात तसेच.

"आधी वकिलाला विचार," ती म्हणाली.

"वकील काय सांगेल ते मला माहीत आहे."

"मग विचार तरी."

"तो गप्प बस म्हणेल, मर्ना. आणि मला ते ऐकावंसं वाटेल. म्हणून नको."

पाण्यातल्या बटाट्यांकडे बघत ती म्हणाली, "टॉइवोच्या अंत्यविधीला मी करीनला जवळ घेतलं होतं. तिला म्हटलं, तुझ्या आईनं गाडी चालवणं केव्हाच सोडायला हवं होतं, आपण सगळ्यांनीच डोळेझाक केली. ती मान हलवत होती. मी तिला ते पटवून देत होते, अर्विड. मला वाटत होतं, मी तिचं सांत्वन करतेय."

रविवारी जेवणं झाल्यावर तो वृद्धाश्रमात गेला. एप्रिल महिना लागला होता, तरी आदल्या दोन दिवसांत फूटभर बर्फ पडला होता आणि आवारातल्या वाटा नुकत्याच साफ केलेल्या होत्या. हेल्मी सालो खिडकीशी व्हीलचेअरवर बसली होती. गावाच्या टपाल कचेरीत तिने तीस वर्षं काढली होती. अजूनही समोरच्याकडे बघताना तिची नजर पत्ता वाचल्यासारखी असे. त्याला पाहून तिला आश्चर्य वाटलं. या दोन वर्षांत तो एकदाही आलेला नव्हता.

"बस, अर्विड. घर विकलं गेलं का? त्यासाठी आलास?"

"नाही, मिसेस सालो."

त्याने खिशातून स्वच्छ फडकं काढलं, तिच्या मांडीवरच्या चादरीवर उलगडलं. दोन स्क्रू शेजारी शेजारी. मग त्याने सांगितलं. घरून निघताना त्याने वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही त्याला वापरता आलं नाही. कोणता भाग कुठे असायला हवा होता, तो कुठे होता, कुणी लावला. ती नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा त्याने काय केलं नाही. शेरीफच्या माणसाला तो फोनवर काय म्हणाला. मधे मधे तो थांबला, पण ती काही विचारत नव्हती, म्हणून त्याला पुढे बोलावंच लागलं.

तिने दोन्ही स्क्रू उचलले, तळहातावर ठेवले.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"दिसतात सारखेच."

"तुला कळायला हवं होतं ना पण?"

"हो. मला कळायला हवं होतं."

"दोनदा दाबा म्हणालास. मी दाबला रे दोनदा. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत भिंत आली."

तो खाली बघत राहिला. तिने स्क्रू फडक्यावर परत ठेवले.

"नीट सांग मला," ती म्हणाली. "पुन्हा एकदा. माझा पाय कुठे होता?"

"ब्रेकवर."

"तुला हे माहीत आहे, की मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस?"

"पाय मी पाहिला नाही. पण ब्रेक तसाच खोल जायला हवा होता आणि तसाच जातोय. काल सहा जणींनी पाहिलंय. तुम्ही पहिल्या दिवशी जे सांगितलंत, तसंच."

"मी सांगायचं बंद केलं," ती म्हणाली. "सगळे इतक्या मायेने सांगत होते की मलाही तसंच आठवायला लागलं. पाय चुकीच्या जागी पडतोय, असं डोळ्यांपुढे दिसायचं. खरंच दिसायचं. तू दोन वर्षांनी येतोस आणि म्हणतोस, ते झालंच नाही."

"उद्या शेरीफकडे जाणार आहे. लिहून देणार आहे सगळं."

"ते कर. पण आधी करीनला सांग." तिने बाजूच्या टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. "ती दर महिन्याला येते. फळं आणते, पायमोजे आणते. माझ्या उजव्या पायात मोजा घालताना तिचं तोंड कसं होतं ते मी बघते. लाव."

त्याने नंबर लावला. करीन सालो दोन तासांवर राहायची. आईला काही झालं का, असं तिने आधी विचारलं. नाही म्हणून त्याने सुरुवात केली. हे दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण समोर चेहरा नव्हता. त्याचं संपल्यावर पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन बंद पडला असं वाटून त्याने हाक मारली.

"मी आहे," करीन म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "तुम्ही त्या वेळी चर्चमध्ये बाबांची शवपेटी उचललीत."

"हो."

"उजव्या बाजूला होतात."

"हो, करीन."

मग ती म्हणाली, "आईला सांगा, मी निघाले." फोन ठेवला गेला.

हेल्मी खिडकीबाहेर बघत होती. त्याने निरोप सांगितला, तिने मान हलवली. तो उठायला लागला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता बोलली.

"टॉइवोला शेवटपर्यंत शुद्ध होती. तुला माहीत आहे?"

"नाही."

"मला त्याच्या खोलीत न्यायचे. पलंगाला पलंग लावायचे. सातव्या दिवशी मला म्हणाला, हेल्मी, मी तुझा पाय बघितला. तो ब्रेकवर होता. मी बघितला."

अर्विड उभा होता तसाच राहिला.

"चोपन्न वर्षं आमचं लग्न. माझ्याशी कधी खोटं बोलला नाही तो. त्याला जमायचंच नाही, कान लाल व्हायचे. मला वाटलं, आता मरताना बायकोसाठी एकदा खोटं बोलून घेतोय. मला राग आला. मी म्हटलं, टॉइवो, निदान आता तरी माझ्याशी खोटं बोलू नकोस." तिने चादरीची कड बोटांनी सरळ केली. "त्यावर तो काही बोलला नाही. नंतर दोन दिवस होता, पण ते पुन्हा काढलं नाही त्याने. मला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प बसला."

बाहेर कुणीतरी जेवणाची ताटं गोळा करत चाललं होतं.

"मला त्याच्याकडे जायचंय," ती म्हणाली. "आजच."

"मी नेतो. ट्रक बाहेरच आहे. खुर्ची मागे—"

"नाही." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. टपाल कचेरीत वजन जास्त झालेलं पाकीट परत करताना असायचा, तसा होता. "तुझ्या गाडीत मी बसणार नाही, अर्विड. तू आलास, तोंडावर सांगितलंस, हे मी लक्षात ठेवेन. पण तुझ्या गाडीत नाही. करीन येईल, तिच्याबरोबर जाईन."

"बरं."

"हे घेऊन जा. शेरीफला दाखवायला लागतील."

त्याने फडक्यात स्क्रू गुंडाळले. दारात जीना उभी होती. ती केव्हा आली कोण जाणे. ती बाजूला झाली आणि तो गेल्यावर आत जाऊन हेल्मीचे बूट शोधायला लागली. हेल्मीने तिला सांगितलेलं त्याला ऐकू आलं, "थांब. उजवा मी स्वतः घालते."

ट्रकमध्ये बसल्यावर त्याने किल्ली फिरवली, आणि इंजिन चालू ठेवून तो नुसताच बसला. करीनला पोहोचायला दोन तास. त्यातली वीस मिनिटं गेली होती. कब्रस्तान टेकडीच्या मागच्या अंगाला होतं, आणि तिथल्या वाटा मे महिन्यापर्यंत कुणी साफ करत नसे.

फाटकाशी त्याने ट्रक लावला. आत पांढऱ्या बर्फावर पावलाचा एकही ठसा नव्हता. कबरींवरच्या दगडांची वरची टोकं तेवढी दिसत होती. सालोंचा दगड तिसऱ्या ओळीत, फाटकापासून साठ-सत्तर पावलं. त्याने मागून फावडं काढलं. इथे ट्रकमध्ये फावडं नसलेला माणूस सापडायचा नाही.

वरचा बर्फ ओला आणि जड होता, खालचा गोठून दगड झालेला. पहिल्या दहा पावलांतच त्याने कोट काढून फाटकावर टाकला. आधी फावड्याच्या रुंदीची एक वाट खणत तो दगडापर्यंत गेला. मग परत फिरून दुसऱ्या बाजूने. व्हीलचेअर किती रुंद असते हे त्याने खोलीतून निघताना डोळ्यांनी मोजून ठेवलं होतं. चाकं घासू नयेत म्हणून दोन्हीकडून वीतभर जास्त काढलं. एके ठिकाणी गोठलेला उंचवटा होता, खुर्ची तिथे अडकली असती. तो गुडघ्यांवर बसला आणि फावड्याच्या टोकाने त्याने तो फोडून काढला. श्वास लागला की थांबायचा, रस्त्याकडे कान द्यायचा, पुन्हा सुरू करायचा. दगडासमोर त्याने जागा थोडी मोठी केली, खुर्ची वळवता यावी आणि शेजारी आणखी एक माणूस उभं राहू शकावं इतकी. दगडावरचा बर्फ हाताने झाडावा असं मनात आलं, पण त्याने हात लावला नाही. ते त्यांचं होतं.

फाटकाशी येऊन त्याने मागे वळून पाहिलं. वाट सरळ आली होती. खालून ओली काळी माती दिसत होती. त्याने ट्रकच्या मागच्या पोत्यातली वाळू फावड्याने त्या वाटेवर पसरली, चाकं घसरू नयेत म्हणून, आणि फावडं आत टाकलं.

मुख्य रस्त्याने गेलं असतं तर त्यांची गाडी समोरून आली असती. तो खाणीकडच्या लांबच्या रस्त्याने गेला.